वाऱ्यावर सोडलेले दार

रात्री निजण्यापूर्वी पुढच्या-मागच्या दारांचे अडसर नीट बसले आहेत ना, हे हाताने चाचपून पाहिल्याखेरीज आपल्याकडील जुनी माणसे अंथरुणाला पाठ टेकीत नसत. घरात सोनेनाणे असो वा नसो, दार लावणे हा गृहस्थधर्माचाच भाग मानला जाई. आज त्याच घरांतून, जांभ्या दगडाच्या जाड भिंतींच्या जुन्या वास्तूंतून तशाच सिमेंटच्या नव्या सदनिकांतून, एक दार अहोरात्र सताड उघडे असते आणि घरधन्याला त्याची वार्ताही नसते. हे दार म्हणजे दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, बहुधा दूरदर्शन संचाच्या मागे, हिरवे दिवे मिचकावीत बसलेली लहानशी पेटी. तिला कोणी राऊटर म्हणतात, कोणी मोडेम म्हणतात. तिच्यातील बिनतारी भागाला तंत्रज्ञ ॲक्सेस पॉइंट असे नाव देतात. इंटरनेटची तार या पेटीपर्यंत येऊन थांबते आणि पुढचा प्रवास रेडिओलहरींवरून होतो. या लहरी भिंत, कुंपण, शेजाऱ्याची हद्द यांच्यापाशी थांबत नाहीत. ती पेटी सेकंदाला सुमारे दहा वेळा आपले नाव पुकारीत असते आणि ते रस्त्यावरून जाणाऱ्या कोणाच्याही मोबाइलला ऐकू येते. त्या हाकेला ओ देऊन कोणी आत यावे आणि कोणी येऊ नये, हे ठरविण्याचा अधिकार घरधन्याचा आहे. तो अधिकार आपण बजावतो काय, एवढाच आजचा प्रश्न आहे.

पेटीची कळ कशी फिरवावी हा काय अग्रलेखाचा विषय झाला, असे कोणी म्हणेल. त्यांना आम्ही २००८ सालच्या जुलै महिन्याचे स्मरण देऊ इच्छितो. त्या महिन्याच्या २६ तारखेला अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका घडली आणि पन्नासहून अधिक निरपराध माणसे प्राणांस मुकली. पहिला स्फोट होण्याच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांकडे धमकीचा एक ई-मेल पोहोचला होता. तपास यंत्रणांनी त्याचा माग काढला तो निघाला नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका सदनिकेत. तेथे राहणाऱ्या अमेरिकी नागरिकाच्या घरची बिनतारी जोडणी कुलूपबंद नव्हती. तिचा वापर करून कोणी परक्याने तो संदेश धाडला होता. त्या गृहस्थाची चौकशी झाली, त्याचे संगणक तपासासाठी नेण्यात आले आणि त्याचे नाव जगभरच्या वृत्तपत्रांतून झळकले. स्फोटांचा आरोप त्याच्यावर ठेवण्यात आला नाही. परंतु तोवर व्हायचा तो मनस्ताप होऊन गेला होता. पुढच्या सात आठवड्यांत असेच आणखी संदेश मुंबईतील एका महाविद्यालयाच्या आणि चेंबूरमधील एका खासगी कंपनीच्या बिनतारी जोडणीवरून गेले. शेवटचा गेला तो १३ सप्टेंबरच्या दिल्लीतील स्फोटांच्या वेळी. आपले दार उघडे राहिले म्हणून आपलेच काय ते चोरीस जाईल, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी हे ध्यानात घ्यावे. उघड्या दारातून आत आलेला माणूस आपल्या घराचा पत्ता पांघरून बाहेर पडतो. चोरीस गेलेली वस्तू परत मिळेल, निदान नवी घेता येईल. संशयाचा डाग मात्र ज्याला लागला त्यालाच आयुष्यभर पुसत बसावा लागतो.

त्या घटनांनंतर फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागाने इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांना वाय-फायच्या सुरक्षित वापराविषयी सूचना दिल्या आणि वापरणाऱ्याची ओळख पटविण्यावर भर दिला. मुंबई पोलिसांनीही उघड्या जोडण्यांचा शोध घेण्याची मोहीम काढली. याला तपाहून अधिक काळ लोटला. तेव्हा बिनतारी जोडणी ही मोजक्या घरांची चैन होती, आज ती विजेच्या दिव्याइतकी सामान्य झाली आहे. उपकरणे सुधारली, कुलपे बळकट झाली. पण कुलूप बळकट असले तरी किल्ली उंबऱ्यावर ठेवून जाण्याची आपली सवय काही सुटलेली नाही.

या कुलपांचा इतिहास थोडक्यात समजून घेणे इष्ट ठरेल, कारण पेटीच्या मांडणीत आज जे पर्याय दिसतात ते त्या इतिहासाचेच थर आहेत. १९९७ साली ‘आयईईई’ या अभियंत्यांच्या संस्थेने बिनतारी जाळ्यांसाठी ८०२.११ हे मानक सिद्ध केले. त्यातच ‘वेप’ नावाचे पहिले कुलूप होते. तारेतून जाणाऱ्या संदेशाइतकी गोपनीयता बिनतारी संदेशाला लाभावी, असा त्या नावाचा आशय होता. या पद्धतीत प्रत्येक संदेशखंड कूटबद्ध करताना गुप्त किल्लीला एक बदलता आकडा जोडला जाई. तो आकडा २४ बिटांचा असल्यामुळे त्याची वेगवेगळी रूपे फक्त १,६७,७७,२१६ इतकीच होती. ऐकताना ही संख्या मोठी वाटते. परंतु वर्दळीच्या जाळ्यावर ती काही तासांत संपते आणि तेच आकडे पुन्हा फिरून येऊ लागतात. २००१ साली फ्लुहरर, मँटिन आणि शमीर या तीन संशोधकांनी याहून गंभीर दोष दाखवून दिला. असे पुरेसे संदेशखंड गोळा केले की मूळ किल्लीच गणिताने काढता येते, हे त्यांनी सिद्ध केले. २००७ साली जर्मनीतील डार्मस्टाट येथील संशोधकांनी हे काम एका मिनिटाच्या आत आणून ठेवले. त्याच वर्षी अमेरिकेतील टीजेएक्स या बड्या व्यापारी कंपनीने आपल्याकडील ४ कोटी ५७ लाख ग्राहक-कार्डांचे क्रमांक चोरीस गेल्याचे जाहीर केले. कॅनडातील चौकशीत असे आढळले की कंपनीने दुकानांतील बिनतारी जाळ्यांवर ‘वेप’चेच जीर्ण कुलूप ठेवले होते आणि नवे बसविण्यात दिरंगाई केली होती. कुलूप मोडके आहे हे सहा वर्षे जगाला ठाऊक होते. ते बदलण्याचे काम तेवढे राहून गेले होते.

२००३ साली तात्पुरती मलमपट्टी म्हणून ‘डब्ल्यूपीए’ आले आणि २००४ साली ‘एईएस’ या भक्कम कूटपद्धतीवर आधारलेले ‘डब्ल्यूपीए २’ आले. २००६ पासून प्रमाणित उपकरणांना ते सक्तीचे झाले आणि आजही घरोघर प्रामुख्याने तेच नांदते आहे. २०१७ साली बेल्जियममधील ल्युव्हेन विद्यापीठाचे मॅथी व्हानहूफ यांनी त्याच्याही जोडणीविधीत एक फट असल्याचे दाखवून दिले. ती उपकरणांच्या आज्ञावलीत दुरुस्ती करून बुजविता आली. मात्र ज्यांनी दुरुस्ती करून घेतली त्यांच्याच घरची बुजली. २०१८ साली ‘डब्ल्यूपीए ३’ जाहीर झाले. यावरून बोध घ्यावयाचा तो असा, की पेटीच्या सुरक्षेच्या रकान्यात ‘डब्ल्यूपीए ३’ उपलब्ध असेल तर ते निवडावे. घरात जुनी उपकरणे असतील तर दोहोंचा संमिश्र पर्याय किंवा ‘एईएस’सह ‘डब्ल्यूपीए २’ ठेवावे. ‘वेप’ किंवा नुसते ‘डब्ल्यूपीए’ एवढेच जी पेटी जाणते, ती कितीही प्रिय असली तरी निवृत्त करावी.

परंतु कुलूप उत्तम असून भागत नाही, कारण पुष्कळ घरांतील परवलीचा शब्द ऐकला की हसावे की रडावे हे कळेनासे होते. घरधन्याचा दहा आकडी मोबाइल क्रमांक हा सर्वांत लाडका परवलीचा शब्द. तार ओढून देणारा तरुण तोच टाकून जातो आणि लक्षात ठेवण्यास सोपा म्हणून तोच पुढे चालू राहतो. आता या सोयीचा हिशेब पाहावा. घरातील मोबाइल पेटीशी जोडला जाताना दोघांत चार संदेशांची देवघेव होते. बाहेर रस्त्यावर बसलेला माणूस ती टिपून घेऊन निघून जाऊ शकतो आणि आपल्या घरी सावकाश एकेक शब्द लावून पाहू शकतो. आपल्या दाराशी कोणी खुडबुड केली याचा मागमूसही उरत नाही. ‘डब्ल्यूपीए २’मध्ये परवलीचा शब्द आणि जोडणीचे नाव एकत्र घोटून ४,०९६ आवर्तनांनंतर किल्ली तयार होते, ती हे काम मंद व्हावे म्हणूनच. तरीही आजचे एखादे दमदार ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाख अंदाज तपासून पाहू शकते. भारतातील मोबाइल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ या आकड्यांनी सुरू होतात. म्हणजे एकूण शक्यता झाल्या ४०० कोटी. भागाकार करून पाहावा: ४,००० सेकंद. तास-सव्वातासात आपला ‘गुप्त’ क्रमांक परक्याच्या हाती पडतो, आणि शेजाऱ्याला तर तो आधीपासूनच पाठ असतो!

याउलट एखाद्याने दहा हजार रोजच्या शब्दांतून चिठ्ठ्या टाकून पाच शब्द काढले आणि ते रोमन अक्षरांत एकापुढे एक लिहिले, तर त्याच यंत्राला सर्व शक्यता धुंडाळण्यास तीस लाखांहून अधिक वर्षे लागतील. माड, करंडी, तिकीट, पणती, श्रावण असे एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले शब्द नातवंडांनाही पाठ होतात. (हेच पाच मात्र कोणी घेऊ नयेत, ते आता छापून गेले आहेत.) परवलीचा शब्द आठ ते त्रेसष्ट अक्षरांचा चालतो, आठावरच समाधान मानण्याची सक्ती कोणी केलेली नाही. ‘डब्ल्यूपीए ३’चा मोठा गुण असा, की त्यात टिपून नेऊन घरी अंदाज लावीत बसण्याची सोय उरत नाही, प्रत्येक अंदाज पेटीसमोर उभे राहूनच करावा लागतो. किल्लीत जोडणीचे नावही मिसळते हे वर आलेच आहे. म्हणून कारखान्यातून आलेले सरसकट नाव बदलावे, कारण प्रचलित नावांसाठी आधीच काढून ठेवलेल्या किल्ल्यांचे तक्ते उपलब्ध असतात. मात्र नव्या नावात आपले आडनाव किंवा घर क्रमांक घालून चोराला पत्ता देऊ नये.

काही मंडळी भलत्याच उपायांवर भिस्त ठेवून निश्चिंत असतात. जोडणीचे नाव लपविले की झाले, असे कोणी मानतात. ते नाव घरातील उपकरणेच जोडणी करताना पुकारतात, मग लपविले कोणापासून? ठराविक उपकरणांच्या क्रमांकांनाच प्रवेश देण्याची युक्ती कोणी सांगतात. ते क्रमांक हवेत उघडेच फिरत असतात आणि त्यांची नक्कल करणे हा पोरखेळ आहे. ‘डब्ल्यूपीएस’ नावाची सोय तर हानिकारकच म्हटली पाहिजे. परवलीचा शब्द टंकण्याचा त्रास वाचावा म्हणून तिच्यात आठ आकड्यांचा एक क्रमांक असतो. परंतु पेटी त्याचे दोन तुकडे वेगवेगळे तपासते आणि शेवटचा आकडा नुसता ताळ्याचा असतो. त्यामुळे कोट्यवधी शक्यतांच्या ठिकाणी फार तर ११,००० प्रयत्न पुरतात, हे २०११ सालीच उघडकीस आले. ही सोय बंद ठेवणे हेच शहाणपणाचे.

बाहेरच्या दाराइतकेच तिजोरीकडेही लक्ष हवे. पेटीची मांडणी बदलण्यासाठी एक वेगळे नाव व वेगळा परवलीचा शब्द असतो आणि दोन्ही ठिकाणी ‘ॲडमिन’ हाच शब्द तसाच राहिलेली उदाहरणे थोडी नाहीत. एकदा का कोणी तेथे पोहोचला, की आपण बँकेचे नाव टंकावे आणि पेटीने दुसऱ्याच ठिकाणी नेऊन पोहोचवावे, अशी व्यवस्था तो करू शकतो. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या उपद्रवी आज्ञावलीने असेच न बदललेले परवलीचे शब्द लावून लावून लक्षावधी कॅमेरे व राऊटर ताब्यात घेतले आणि त्यांची फौज उभारून जगातील नामांकित संकेतस्थळे काही काळ ठप्प केली. त्या फौजेत भरती झालेल्या पेट्यांच्या मालकांना त्याचा पत्ताही नव्हता.

आता आमच्या गोमंतकाच्या दृष्टीने या विषयाला जी विशेष धार आहे, तिच्याकडे वळू. आपल्याकडे येणारा पाहुणा हा अनेकांच्या चुलीचा आधार आहे. कळंगुटपासून पाळोळ्यापर्यंत घराच्या दोन खोल्या भाड्याने देऊन संसार चालविणारी कितीतरी कुटुंबे आहेत, आणि पाहुणा दारात पाऊल ठेवताच पाण्याच्याही आधी वाय-फायचा परवलीचा शब्द मागतो. तो दिलाच पाहिजे. न देऊन धंदा चालणार नाही. परंतु वर्षानुवर्षे तोच एक शब्द शेकडो अनोळखी माणसांना दिला जातो, आणि त्याच जोडणीवर घरधन्याचा बँकेचा व्यवहार, मुलीचा अभ्यास आणि अंगणातील कॅमेराही असतो. पाहुणा मायदेशी परततो, पण त्याच्या मोबाइलमधील किल्ली त्याच्याबरोबर जाते.

याला उपाय म्हणून पाहुण्याला दार बंद करा, असे सांगण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडविलेला आहे. जुन्या घरांना ओसरी असते ती कशासाठी? येणाऱ्याजाणाऱ्याने तेथे बसावे, पाणी प्यावे, चार गोष्टी बोलाव्यात. माजघर आणि देवघर मात्र घरच्यांचे. आजच्या बहुतेक पेट्यांत अशी ओसरी तयारच असते. तिला ‘गेस्ट नेटवर्क’ म्हणतात. तिचे नाव वेगळे, परवलीचा शब्द वेगळा, आणि तिच्यावर बसलेल्याला घरातील संगणक-कॅमेऱ्यांपर्यंत पोहोचता येत नाही, अशी मांडणी करता येते. पाहुण्या-पाहुण्यांनी एकमेकांची उपकरणे पाहू नयेत, अशीही एक कळ तिच्यात बहुधा असते; तीही चालू ठेवावी. पाहुणा गेला की ओसरीची किल्ली बदलावी, निदान दर महिन्याला तरी. खानावळीत आणि कॅफेत फळ्यावर खडूने लिहिलेल्या परवलीच्या शब्दाचीही हीच गत आहे. ‘डब्ल्यूपीए २’वर तो ज्याला ठाऊक आहे, तो जोडणीचे संदेश टिपून शेजारच्या मेजावरील गिऱ्हाइकाची वाहतूक उलगडू शकतो. दुकानाचा हिशेब आणि देयकांचे यंत्र तरी त्या जोडणीवर नसावे, एवढी खबरदारी प्रत्येक मालकाने घेतलीच पाहिजे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेने किराणा दुकानदार आणि पानवालाही सार्वजनिक वाय-फाय देऊ शकतो. ही योजना जसजशी पसरेल तसतशी या खबरदारीची गरज वाढतच जाणार आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. बँकांची आणि नामांकित संस्थांची संकेतस्थळे आता स्वतःची कूटबद्ध व्यवस्था बाळगून असतात. मग हवेतील संदेश कोणी टिपला तरी बिघडते काय? हे खरे की त्यामुळे पूर्वीइतका धोका राहिलेला नाही, आणि उगाच भीती पसरविणे आमच्याही मनात नाही. परंतु ती व्यवस्था बँकेच्या संदेशाचे रक्षण करते. आपल्या घरच्या कॅमेऱ्याचे आणि आपल्या पत्त्याच्या अब्रूचे रक्षण ती करीत नाही. सानपाड्याच्या प्रकरणात कोणी त्या गृहस्थाचा पैसा चोरला नव्हता, हे विसरून चालणार नाही.

मग ही जबाबदारी कोणाची? सामान्य गृहस्थाच्या माथी सगळे खापर फोडणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. शिवणकाम करणारी विधवा, निवृत्त शिक्षक, मासळीचा व्यापारी यांनी कूटशास्त्राचे पाठ गिरवावेत, अशी अपेक्षा कोण करील? तार ओढून देणाऱ्या तरुणालाही दोष देता येणार नाही. त्याला दिवसभरात किती घरे जोडली याचा जाब द्यावा लागतो. किती घरांना कुलूप लावले याचा जाब त्याला कोणी विचारीत नाही. तो विचारला जावा, ही आमची पहिली मागणी आहे. जोडणी देणाऱ्या प्रत्येक कंपनीने असा दंडक घालावा, की घरधन्याच्या समक्ष परवलीचा शब्द आणि ‘ॲडमिन’चा शब्द बदलल्याखेरीज, ‘डब्ल्यूपीएस’ बंद केल्याखेरीज आणि पाहुण्यांची जोडणी वेगळी करून दिल्याखेरीज काम पुरे झाले असे समजू नये. याला फार तर पंधरा मिनिटे लागतील. केलेल्या मांडणीचा एक कागद मराठीत किंवा कोकणीत घरी ठेवावा. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कायद्यानेच अशी इंटरनेट-उपकरणे सरसकट एकाच परवलीच्या शब्दासह विकण्यास बंदी आहे. कॅलिफोर्नियात तशा आशयाचा कायदा १ जानेवारी २०२० पासून लागू आहे. कारखान्यातून निघतानाच पेटी सुरक्षित असावी, हे तत्त्व तेथे मान्य झाले. आपल्या उंबरठ्यावर येणाऱ्या पेटीकडूनही तेवढीच अपेक्षा ठेवण्याचा आपल्याला अधिकार आहे.

दुसरी मागणी शासनाकडे. पंचायत घरे, शाळा, आरोग्य केंद्रे, वाचनालये यांतील पेट्यांची एकदा पाहणी व्हावी आणि त्यांची आज्ञावली अद्ययावत आहे की नाही, हे ठराविक काळाने पाहण्याचे काम नेमून दिलेल्या एका माणसाकडे असावे. सर्वांचे काम ते कोणाचेच नसते, हा अनुभव सरकारी कचेऱ्यांना नवा नाही.

तिसरी गोष्ट आपल्या वाचकांकडे मागावयाची आहे. पेटी घराच्या मध्यभागी ठेवावी, रस्त्याकडील खिडकीत ठेवू नये. घरात लहरी चांगल्या पोहोचतील आणि बाहेर कमी सांडतील. घरात जे कोणी महाविद्यालयात शिकणारे असेल त्याला हाताशी धरून, येत्या रविवारी चहाच्या वेळी त्या पेटीची मांडणी एकदा उघडून पाहावी आणि वर सांगितलेले चार-पाच बदल करून टाकावेत. चतुर्थीपूर्वी आपण घराला रंग देतो, पावसाळ्यापूर्वी कौले शाकारतो. पेटीलाही वर्षातून एकदा हात लावावा. इतके करूनही जगातील सर्व चोर थांबतील असे नाही. परंतु कोणा निरपराध्याच्या दारात उद्या पोलिसांची गाडी उभी राहिली, तर ते दार आपले असू नये, एवढी व्यवस्था तरी आपल्या हातची आहे.